सही कोणाची?

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सरकारातली माणसं ड्रग्जवाल्यांना सामील असतात हे तुला पटत नाही, हे सगळं विरोधकांचं राजकारण, असं लिहिलंस. राजकारण आहेच रे. पण तेवढ्याने आरोप खोटा ठरत नाही. होंडुरासचा माजी राष्ट्राध्यक्ष हुआन ओर्लांडो हर्नांदेसही सगळं नाकारतच होता. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला कोकेन तस्करीत दोषी धरून ४५ वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच वर्षी ट्रम्पनी माफी देऊन सोडलं! संताप आला वाचून.

आपल्याकडे १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने गुंड, अधिकारी आणि पुढारी यांचं साटंलोटं सरकारी कागदावरच लिहून ठेवलंय.

आणि आपलं ससून रुग्णालय? बाबांच्या आजारपणात आपण डबे घेऊन जायचो तेच. तिथे सोळा नंबर वॉर्डात चाकणच्या ड्रग्ज प्रकरणातला येरवड्याचा कैदी महिनोन्महिने मुक्कामाला. ३० सप्टेंबर २०२३ ला रुग्णालयाच्या गेटबाहेर दोन कोटींहून जास्त किमतीचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे ड्रग, पकडलं, आणि दोनच दिवसांनी, ऐन गांधी जयंतीला, एक्स-रेला नेताना तो पसार! बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले. पण त्याचा मुक्काम वाढत गेला तो कोणाच्या सहीने, कोणाच्या शब्दावर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतला एमडी बनवणारा कारखाना सापडला. दिल्ली-सांगलीपर्यंतचा माल धरून दीड हजार किलोंच्या वर एमडी, पोलिसांच्या हिशेबाने साडेतीन हजार कोटींच्या पुढे. पुणे पोलिसांचं मी मनापासून कौतुक करतो. पण एवढा माल बनेपर्यंत तपासणीवाले कुठे होते?

शेजारच्या काकूंचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय. कोवळं पोर, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, तरी बशीत सांडतो. काकू म्हणाल्या, "याला पुडी देणारा धरला. त्याला देणारा कोण, ते कोणी विचारतच नाही." मला उत्तर देता आलं नाही.

तू वकील आहेस. माहिती अधिकारात अर्ज करायचाय: कैदी रुग्णांचा मुक्काम वाढवायची शिफारस कोण करतं, मंजुरी कोण देतं, आणि ससून प्रकरणाच्या चौकशी अहवालावर पुढे काय कारवाई झाली. मसुदा तू कर, सही मी करतो. या आठवड्यात पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक