पालकमंत्री महोदय, त्या खोलीची चावी कोणाकडे आहे?

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या गांधीजयंतीला आमच्या तालुक्याच्या गावी झालेल्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात आपण व्यासपीठावरून जाहीर केले होते की, दारू सोडू पाहणाऱ्यांना आपसात बैठक घेता यावी म्हणून ग्रामीण रुग्णालयातील एक खोली दर शनिवारी संध्याकाळी उघडी ठेवली जाईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. माझे यजमान वायरमन आहेत. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून ते नुकतेच घरी आले असल्याने परवाच्या शनिवारी आम्ही दोघे मोठ्या आशेने तेथे गेलो, तर दाराला कुलूप होते. खिडकीतून मोडके पलंग, सलाइनचे गंजके स्टँड आणि आपल्याच कार्यक्रमाचा गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स दिसला. चावी साहेबांकडे असून साहेब प्रशिक्षणाला गेले आहेत, असे शिपायाने सांगितले.

सोमवारी मी पुन्हा गेले. लिपिकाने संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, नोंदणी क्रमांक, अध्यक्षांची सही आणि ‘लाभार्थ्यां’ची आधार क्रमांकासह यादी मागितली. महोदय, या बैठका घेणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या समूहाला अध्यक्ष नसतो. तेथे येणारा माणूस फक्त आपले पहिले नाव सांगतो आणि ते नाव बाहेर जाणार नाही, या एकाच भरवशावर तोंड उघडतो. त्याची यादी आधार क्रमांकासह आपल्या कचेरीत पडणार असेल, तर पोटापाण्याची नोकरी असलेला कोणता माणूस त्या खोलीत पाऊल टाकेल? शिवाय हे समूह बाहेरची देणगी घेत नाहीत. चहा-बिस्किटांचा खर्चही ते आपसात वर्गणी काढून भागवतात. म्हणजे शासनाकडे कोणी एक रुपयाही मागितलेला नाही. मागितली होती ती चार भिंतींची खोली, आणि नेमकी तीच देण्याची सोय शासनाच्या कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

गोळ्या चालू असताना बैठक कशाला हवी, असे आपल्या कचेरीतील एका गृहस्थांनी मला विचारले. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावात, दारू सोडलेल्या एका शेअर दलालाचा सौदा फसला आणि हॉटेलच्या लॉबीत त्याला बारचा आवाज ऐकू येऊ लागला. त्याने तेथील चर्चची यादी पाहून फोन फिरवले; डॉक्टर मिळावा म्हणून नव्हे, तर बोलायला दुसरा दारुडा मिळावा म्हणून. तो भेटला आणि त्या दोघांपासून ही चळवळ सुरू झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. पगाराच्या दिवशी किंवा भावकीतल्या लग्नात हात कसा थरथरतो, हे मी वीस वर्षे संसार करूनही यजमानांना सांगू शकत नाही. ज्याचा हात थरथरला आहे तोच सांगू शकतो.

केंद्रातून निघताना आम्हाला बैठकांच्या पत्त्यांचा एक झेरॉक्स कागद मिळाला होता. त्यावरची सर्वांत जवळची बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी भरते आणि साडेआठला संपते. आमच्या गावाची शेवटची एसटी पावणेआठला सुटते. दुसऱ्या पत्त्यावरची शाळा पाडून तेथे व्यापारी संकुल उभे राहिले आहे. मदतवाहिनीवरच्या मुलीने फार गोड आवाजात तोच जुना पत्ता मला वाचून दाखवला. शनिवारी कुलूप पाहून परतल्यावर यजमान ओट्यावर गप्प बसून राहिले, आणि रविवारी रात्री मी त्यांना स्टँडसमोरच्या परमिट रूमच्या पायरीवरून उठवून घरी आणले. त्या रात्री मुलीने शेजारी ऐकू नये म्हणून आपणहून टीव्हीचा आवाज वाढवला. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नाही. माझे मंगळसूत्र सोनाराकडे गेले, सासूबाईंची औषधे उधारीवर आली, शाळेत मुलीच्या फीची तारीख मी तीनदा वाढवून घेतली. हे आपल्याला सांगून काय उपयोग, हे मला कळते, तरीही सांगते.

दारूचा पत्ता मात्र या राज्यात कोणाला शोधावा लागत नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीत देवळे आणि शाळा बंद असताना आपल्याच शासनाने दारू घरपोच देण्याची सोय केली होती. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील, असे वर्तमानपत्रांत छापून आले. त्या चौदा हजार कोटींत माझ्या घरचेही पैसे आहेत, याची पावती मला कोणी दिलेली नाही. केंद्र शासनाच्याच २०१९ च्या पाहणी अहवालानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. वसुलीला निरीक्षक, भरारी पथक आणि वाहने आहेत. सावरू पाहणाऱ्याला एक कुलूप आहे. दारूबंदीसाठी प्रयत्न करा असे शासनाला सांगणाऱ्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाचा उल्लेख आपण भाषणात केला होता, म्हणून मी तो येथे पुन्हा उतरवून काढत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी सहा वाजता ती खोली उघडी असावी. आधार क्रमांकांची अट लेखी रद्द व्हावी. एसटी स्टँडवर आणि रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी बैठकीचा वार, वेळ आणि जागा लिहिलेला फलक लागावा, आणि मदतवाहिनीकडची यादी कोणीतरी प्रत्यक्ष त्या पत्त्यांवर जाऊन तपासावी. साहेब प्रशिक्षणाला गेले असता चावी कोणाकडे राहील, त्या कर्मचाऱ्याचे नाव आणि फोन नंबर शुक्रवारपर्यंत रुग्णालयाच्या दारावर चिकटवावा.

आपली,
आपल्याच जिल्ह्यातील एक मतदार