रस्ता चढतोय, घरं बुडतायत: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्यावरच्या शहरांना लागून चार-पाच गुंठ्यांतल्या घरांच्या वस्त्या वाढल्या आहेत. पुढे अंगण, मागे विहीर, दोन-चार माड. पावसाळ्यात या घरांत शिरणाऱ्या पाण्याबद्दल आम्ही घरबांधणीतली माणसं लिहितो आहोत. जुलै 2021चा चिपळूणचा महापूर नदीचा होता, त्याचे उपाय वेगळे. हे पाणी समोरच्या रस्त्यावरून येतं.

घर बांधताना अंगण रस्त्यापेक्षा वीतभर वर असतं आणि जोतं अंगणापासून दीड फूट. पुढे जुना थर न खरवडताच डांबरीकरण होतं. 50 मिमीचा खालचा थर आणि वर 25 मिमी कार्पेट म्हटलं की एका खेपेत रस्ता तीन इंच चढतो, चार खेपांत फूटभर. रस्त्याबरोबर गटाराचा काठही वाढवतात. मग अंगणातलं पाणी गटारात जायचं सोडून गटारातलंच पाइपातून उलटं अंगणात येतं. आमच्याकडे दिवसाला 100 मिमी पाऊस म्हणजे काही अप्रूप नाही, आणि तेवढ्यात एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं.

ते भिंतीशी आठवडाभर साचलं की भिंतीतला जांभा दगड ते वर ओढतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर ओल बाहेर सुकत नाही, आत उतरते, आणि माजघराच्या भिंतीचा गिलावा फुगून पडतो. आतून डॅम्पप्रूफ रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळ्यात वाईट गत विहिरीची. शोषखड्डा भरला की मैलापाणी पुढे जायला जागा उरत नाही आणि सच्छिद्र जांभ्यातून ते विहिरीच्या झऱ्यांपर्यंत पोचतं. पाणी वरून स्वच्छ दिसतं म्हणून घरात कुणाला संशयही येत नाही.

यावर मोठा प्रकल्प नको. जेवढा नवा थर, तेवढं जुनं डांबर खरवडणं निविदेतच सक्तीचं करा. कामाआधी रस्त्याची पातळी जवळच्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर रंगानं नोंदवा आणि ती पुन्हा मोजल्याशिवाय बिल काढू नका. अरुंद पाखाडीत, म्हणजे गल्लीत, डांबर खरवडायचं मिलिंग मशीन वळत नाही, असं सांगितलं जाईल. तिथं जेसीबीनं थर उखडून, खडी दाबून घेता येते.

गटाराला 200 फुटांत किमान एक फूट उतार हवा. फाटकासमोर सहा इंची पाइप टाकून वर काँक्रीट ओतायची पद्धत तर बंदच करा. नारळाचं एक सोडण आणि झावळीची चार पाती अडकली की संपलं, आणि आत हात जात नाही. त्याऐवजी दोन माणसांना उचलता येतील अशा, कडी असलेल्या लाद्या टाका. मृगाआधी काढलेला गाळ काठावरच ठेवतात, तो पहिल्याच सरीला परत गटारात. गाळ उचलून नेल्यावरच ठेकेदाराला पैसे द्या.

दोष सगळा सरकारचा नाही. जांभ्याचे दगड नुसते रचून केलेल्या गडग्यातून पाणी झिरपून जायचं. लोकांनी तो पाडून काँक्रीटचं कंपाउंड घातलं आणि शेजाऱ्याचं पाणी अडवलं. कंपाउंडच्या परवानगीत जमिनीलगत दर सहा फुटांवर चार इंची भोक ठेवायची अट घाला. पऱ्ह्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, भराव टाकणाऱ्याला तर परवानगीच नको.

पावसाळ्याआधीच्या डांबरीकरणाची जी अंदाजपत्रकं मंजुरीला येतील, त्यांत खरवडण्याची बाब नसेल तर ती सहीविना परत पाठवावीत.

आपले,
किनारपट्टीवरचे गवंडी, ठेकेदार आणि अभियंते