मालिका टॅटमच्या पायामुळे गेली नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये न्यूयॉर्क निक्सने बॉस्टन सेल्टिक्सला सात सामन्यांच्या मालिकेत ४-२ असे हरवून पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. पानाच्या तळाशी का होईना, बास्केटबॉलला जागा मिळाली याबद्दल आभार. पण बातमीचा सगळा सूर असा की सेल्टिक्सचा मुख्य खेळाडू जेसन टॅटम जायबंदी झाला आणि गतविजेत्यांचे स्वप्न तिथेच संपले. सेल्टिक्सचा जुना चाहता असूनही मला हे पटत नाही. या सहानुभूतीचा खरे तर रागच येतो, कारण तिच्याआड खेळाडू आणि प्रशिक्षक दोघेही सुखरूप सुटतात.

टॅटमच्या टाचेमागची शीर तुटली ती चौथ्या सामन्यात, शेवटची काही मिनिटे उरली असताना. तोवर त्याने ४२ गुण केले होते, तरीही त्या क्षणी सेल्टिक्स पिछाडीवरच होते आणि मालिकेत १-२ असे मागे होते. तो नसताना पाचवा सामना याच संघाने १२७-१०२ असा जिंकला. डेरिक व्हाइटने एकट्याने ३४ गुण केले. सहाव्यात मात्र मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर ११९-८१ अशी धूळधाण उडाली. त्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ३८ गुणांनी हरणाऱ्या संघाचे विश्लेषण करत नाहीत, टीव्ही बंद करतात.

मालिका गेली ती पहिल्या दोन सामन्यांत, ५ आणि ७ मे २०२५ रोजी, बॉस्टनच्या घरच्या मैदानावर. दोन्ही वेळा तिसऱ्या क्वार्टरमध्ये सेल्टिक्सकडे २० गुणांची आघाडी होती. पहिला सामना ओव्हरटाइममध्ये १०८-१०५ असा गेला, दुसरा ९१-९० असा. एकदा अशी आघाडी वाया गेली तर माणूस म्हणतो, होते कधी कधी. एक दिवस मध्ये गेल्यावर त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध, तेवढीच आघाडी पुन्हा घालवली, तर पहाटे उठून सामना पाहणाऱ्याने काय म्हणावे?

पहिल्या सामन्यात सेल्टिक्सने तब्बल ६० थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून घ्यायचे तीन गुणांचे शॉट, मारले आणि पडले फक्त १५. हुकलेले ४५. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, इतिहासात एका सामन्यात इतके थ्री कोणीच हुकवले नव्हते. टॅटमचे १५ पैकी ४, त्याचा जोडीदार जेलन ब्राउनचे १० पैकी १. दुसऱ्या सामन्यात ४० पैकी १०, म्हणजे पुन्हा चारात एक.

यावर नेहमीचा बचाव असा की शॉट चांगले मिळाले होते, पडले नाहीत, नशीब. मी हा बचाव उडवून लावणार नाही, कारण त्यामागचे गणित खरे आहे. तीनातला एक थ्री पडला तरी दोनातला एक साधा, दोन गुणांचा शॉट पडल्याइतकेच गुण मिळतात. त्यामुळे लांबून मारत राहणे हे ८२ सामन्यांच्या हंगामात फायद्याचेच ठरते. २०२४-२५ च्या हंगामात सेल्टिक्सने १,४५७ थ्री पाडून एनबीएचा विक्रम केला आणि ६१ सामने जिंकले. प्रशिक्षक जो मझुला यांना कोणी वेड्यात काढायचे कारण नाही. २०२४ मध्ये याच पद्धतीने त्यांनी संघाला अठरावे विजेतेपद मिळवून दिले.

पण हंगामाची सरासरी ही हंगामाची असते. एखाद्या संध्याकाळी चारात एकच पडू लागला की ६० थ्रीचे ४५ गुण होतात, म्हणजे शॉटमागे पाऊण गुण. साधे शॉट पाचात दोन पडले तरी याहून जास्त मिळतात, आणि थेट बास्केटपाशी घेतलेले शॉट तर एनबीएत साठ टक्क्यांहून अधिक वेळा आत जातात. बरे, हुकलेला थ्री रिंगवरून लांब उडतो. रिबाउंड प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो आणि आपले पाच जण मागे पोहोचायच्या आत तो पलीकडे पळालेला असतो. आत घुसून फाउल मिळवला, तर निदान फ्री थ्रो चालू असताना बचाव लावून घेता येतो. शाळेच्या संघाच्या प्रशिक्षकालाही हे माहीत असते.

माझा खरा आक्षेप तर याच्याही पुढचा आहे. थ्री हा चढउतारांचा खेळ आहे. एका रात्री निम्मे पडतात, दुसऱ्या रात्री पाव. हा जुगार मागे पडलेल्या संघाने खेळावा, त्याला गमावण्यासारखे काही नसते. २० गुणांनी पुढे असलेल्याने सामना संथ करायचा, प्रत्येक चढाईला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतली बरीचशी वापरायची, आत घुसायचे, फाउल घ्यायचे. षटकामागे चार धावा हव्या असताना प्रत्येक चेंडूवर षटकार मारायला जाणाऱ्या फलंदाजाला आपण काय म्हणतो? सेल्टिक्सने दोन्ही वेळा आघाडी घेतल्यावरही, जणू २० गुणांनी मागे असल्यासारखेच मारत राहण्याचा हट्ट धरला. निक्सला परत येण्याची वाट त्यांनीच करून दिली.

दुसऱ्या सामन्याचे शेवटचे क्षण आठवा. जवळजवळ सगळा चौथा क्वार्टर बाहेरून हुकवत बसलेल्या संघाला अखेर आघाडी मिळाली ती टॅटमने आत घुसून मारलेल्या डंकने, ९०-८९. थ्रीने नव्हे. मग निक्सच्या जेलन ब्रन्सनने दोन फ्री थ्रो टाकले. तेही थ्री नव्हेत. शेवटच्या चढाईत टॅटम कोंडीत सापडला आणि निक्सच्याच मिकाल ब्रिजेसने चेंडू काढून घेतला. याच ब्रिजेसने पहिल्या सामन्याच्या अखेरीस ब्राउनच्या हातून चेंडू हिसकावला होता, आणि दुसऱ्या सामन्यातले त्याचे सगळे १४ गुण चौथ्या क्वार्टरमधले होते. निक्सला श्रेय द्यायलाच हवे. त्यांनी उसने काही घेतले नाही, समोर ठेवलेले उचलले.

तिसऱ्या सामन्यात ४० पैकी २० थ्री पाडून सेल्टिक्स ११५-९३ असे जिंकले, मग पद्धत चुकीची कशी, असे काही मित्र विचारतात. माझ्या मते तो सामना माझीच बाजू मांडतो. निम्मे पडले तर कोणीही जिंकेल. ज्या रात्री पडत नाहीत त्या रात्री तुमच्याकडे दुसरे काय आहे, हा प्रश्न आहे. तो आजचाही नाही. २०२३ मध्ये सेल्टिक्सने मायामीविरुद्ध ०-३ वरून ३-३ अशी बरोबरी साधून सातवा सामना घरच्या मैदानावर ओढून आणला आणि तिथे ४२ पैकी ९ थ्री पाडून १०३-८४ असे हरले. त्याआधी २०१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने गोल्डन स्टेटविरुद्धच्या सातव्या सामन्यात सलग २७ थ्री हुकवले होते. मध्यंतराला ११ गुणांनी पुढे असलेला तो संघही घरीच हरला. आपण त्यांना हसलो होतो.

आणखी एक आठवण, कोणी फारशी काढत नाही म्हणून. या हंगामाच्या सलामीला सेल्टिक्सने याच निक्सविरुद्ध २९ थ्री पाडून एका सामन्यातल्या विक्रमाशी बरोबरी केली. मग तिसावा पाडण्याच्या नादात शेवटचे सलग १३ हुकवले. सामना केव्हाच खिशात होता, त्यामुळे सगळे हसत होते, प्रेक्षकही. मे महिन्यात हुकायला लागले तेव्हा हसणारे फक्त न्यूयॉर्कचे होते.

हे सगळे इतके जिव्हारी लागण्याचे कारण म्हणजे हा संच पुन्हा एकत्र दिसेल असे वाटत नव्हते. पगाराची बेरीज २०२५ मध्ये ‘दुसऱ्या एप्रन’च्या, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरच्या वरच्या मर्यादेच्या, पलीकडे गेली होती. नव्या नियमांत त्याचा दंड पैशांपुरता थांबत नाही, खेळाडूंच्या अदलाबदलीवरही बंधने येतात. चार-पाच मोहरे एकत्र ठेवणे परवडणारे नव्हते आणि टॅटम तर बराच काळ मैदानाबाहेर राहणार होता. म्हणजे सलग दुसऱ्या विजेतेपदाची संधी होती ती हीच, आणि ती टॅटम धडधाकट असतानाच दोन रात्रींत घालवली.

तेव्हा आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी एनबीएचा निकाल देताना गुणांसोबत थ्री किती मारले आणि किती पडले, एवढे दोन आकडे छापावेत. जागा एका ओळीची लागेल. टॅटमचा कळवळलेला फोटो जरा लहान केला तर सहज बसेल.

आपला,
सेल्टिक्सचा चाहता, एक वाचक