भिंत फोडण्याआधी : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री श्री. राजनाथ सिंह यांस,
सादर नमस्कार.

२०२५च्या ऑगस्टमध्ये आपण ‘रण संवाद’ या तिन्ही सेनादलांच्या परिसंवादासाठी महूला आला होतात. सिग्नल्सचे अधिकारी घडवणारं लष्करी दूरसंचार महाविद्यालयही महूलाच, आमच्या इंदूरच्या उंबरठ्यावर. म्हणून लष्करी उपग्रहांच्या आखणीबद्दलचं हे पत्र इथून.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात होतो. नवी शेड बांधायची ठरली तेव्हा पहिल्याच बैठकीत साहेबांनी वहीच्या मागच्या पानावर खांबांमधलं अंतर लिहिलं, आणि तेच कायम झालं. दीड वर्षानं प्रेस ट्रेलरवर आला, तो काही केल्या आत जाईना. शेवटी गवंडी बोलावून नवीकोरी भिंत फोडली. त्या पानाला प्रश्न विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणी केली नव्हती, मीही नाही.

लष्करी उपग्रहांची भिंत मात्र फोडता येत नाही. टेहळणीसाठी ५२ उपग्रहांच्या ताफ्याला केंद्रानं २०२४मध्ये मंजुरी दिली. असा ताफा आखताना उंचीचे ८, कक्षेच्या कलाचे (तिरकेपणाचे) ६, संख्येचे १०, उपकरणांचे ५ आणि जमिनीवरच्या संपर्क केंद्रांचे ४ पर्याय धरले, तरी ९,६०० आराखडे होतात. आणि प्रत्येकात ओढाताण. ५०० किलोमीटरवरून १,००० वर गेलात तर पट्टा रुंद दिसतो, पण त्याच दुर्बिणीतून बारकावे निम्म्यानं जातात. रडारला तेवढंच स्पष्ट चित्र मिळवायला साधारण आठपट शक्ती लागते. खाली राहून कॅमेराच ठेवावा म्हटलं, तर आषाढात ढगांपुढे तो आंधळा. समितीच्या टेबलावर यातले चार-पाच आराखडे मावतात. संगणक सगळे चाळू शकतो. युरोपीय अंतराळ संस्थेनं नेदरलँड्समध्ये १९९८पासून सगळ्या शाखांचे अभियंते एका खोलीत, एकाच संगणकीय मॉडेलवर बसवले. आता त्या खोलीतली बरीच आकडेमोड यंत्रावर सोपवता येते. आपल्या मंत्रालयानं हे मॉडेल स्वतःच्या ताब्यात ठेवावं, कंत्राटदाराच्या नाही.

पण यंत्र आराखड्यांना गुण देतं ते आपण ठरवलेल्या भारांकांवर, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं त्या आकड्यांवर. चित्र लवकर हवं की स्पष्ट हवं, हे त्याला कळत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच: भारांक कुणी ठरवले, ते नाव आणि सहीनिशी फाइलीत असू द्या.

दुसरं, प्रत्येक आराखड्यातून दोन-तीन उपग्रह काढून टाकून पुन्हा गुण द्या. चीननं २००७मध्ये स्वतःचा उपग्रह पाडून दाखवला, आपण २७ मार्च २०१९ला. शत्रू सोडा, जानेवारी २०२५मध्ये आपल्याच एनव्हीएस-०२ या दिशादर्शक उपग्रहाची झडप उघडली नाही आणि तो ठरल्या कक्षेत पोचलाच नाही. उरलेल्यांवर निभावेल असा ताफा कागदावर थोडा महाग दिसेल. दिसू द्या.

पुढल्या खेपेला महूला आलात, तर सीमेवर राहून आलेल्या एखाद्या कॅप्टनला बाजूला घेऊन विचारा, मागितल्यापासून किती मिनिटांत चित्र हातात हवं. तो सांगेल तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उपग्रहांची संख्या नंतर.

आपला,
एक निवृत्त अभियंता
रामबाग, इंदूर