नेवऱ्यांच्या सारणातले बेदाणे आणि आमचा बंडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ जवळ आली की तुमच्या पेपरात नेवऱ्यांच्या, पातोळ्यांच्या कृती येतात, मी दरवर्षी कापून ठेवते. यंदा त्याच पानावर एक छोटी चौकट छापा एवढंच मागायला हे पत्र लिहितेय. कारण सांगताना लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी सारणासाठी काढून ठेवलेलं बेदाण्यांचं पाकीट आमच्या कुत्र्यानं, बंडूनं, ओट्यावरून ओढून फस्त केलं, पाव किलोचं होतं. आम्ही ओरडलो, मग हसलो पण, चवथ याची आधी झाली म्हणून. संध्याकाळी त्याला उलटी झाली, त्यात थोडे बेदाणे पडले, सासूबाई म्हणाल्या बरं झालं पोट मोकळं झालं, आणि आम्ही त्याला दहीभात दिला. दुसऱ्या दिवशी गणपती, पाहुणे, आरत्या, तो अंगणात गप्प पडून होता, कोणाला वेळच नव्हता आणि खरं सांगायचं तर काळजी करण्यासारखं काही दिसतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हा सकाळपासून मुतलाच नाहीय. डॉक्टरांकडे नेला, रक्त तपासलं, किडन्या बंद पडत आलेल्या. सलाईनवर दोन दिवस काढले आणि गौरी जायच्या दिवशी गेला.

डॉक्टरांनी एकच विचारलं, त्याच दुपारी का नाही आणलात? पहिल्या तास-दोन तासात आणला असता तर इंजेक्शन देऊन उलटी करवता आली असती आणि लगेच सलाईन सुरू करून किडन्या वाचवायला वाव होता. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि घरात दोन ग्रॅज्युएट आहेत. एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं, दुसऱ्याला थोडेसेही भारी पडतात, म्हणजे इतकं चालतं असा आकडाच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. हेच ॲसिड चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊनही कुत्र्यांच्या किडन्या गेल्यात. आता आपल्या स्वयंपाकघरात चिंचेचा गोळा कुठे पडलेला असतो ते आठवून बघा.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते मधल्या दिवसाचं. कुत्रं खातं, मग एक दिवस, कधी तीन-चार दिवस ते ठीक दिसतं, आणि आपण म्हणतो पचलं. कांदा-लसणाचं तसंच. शागुतीचा रस्सा भातावर घालून आपण प्रेमानं पुढे ठेवतो, पण कांदा कच्चा असो, शिजलेला असो की पावडर, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि हिरड्या फिक्या पडायला काही दिवस जातात, तोपर्यंत रस्सा कोणाच्या आठवणीतही नसतो.

उंदराच्या औषधाचं तर विचारूच नका. आमच्या शेजारच्यांच्या कुत्र्यानं शिमग्याच्या सुमारास खोपीतली उंदराची वडी चावली. कुत्रं उड्या मारत होतं, पण त्यांच्या मुलानं बंडूचं बघितलं होतं, तो थांबला नाही, कचऱ्यातून फाटलेलं वेष्टन शोधून काढलं आणि तसाच स्कूटरवर कुत्र्याला घेऊन सुटला. वेष्टनावर ब्रोमाडायोलोन लिहिलेलं होतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, पण आत रक्तस्राव सुरू व्हायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि त्यावर व्हिटॅमिन के-१ हा नेमका उतारा आहे. महिनाभर गोळ्या खाऊन ते कुत्रं आज आमच्या दारात झोपतं. त्या कागदाच्या तुकड्यानं वाचलं ते, कारण उंदराची सगळी औषधं एक नसतात. झिंक फॉस्फाईडची काळपट पूड असते तिचा पोटातल्या ॲसिडशी संबंध आला की विषारी वायू होतो, आणि पोटात अन्न गेलं की ॲसिड वाढतं, म्हणजे तिथे "दूध पाजा, भाकरी द्या" हे आपलं घरगुती शहाणपण उलट जीव घेतं. त्या उलटीचा वास माणसानंही घेऊ नये, गाडीच्या काचा उघड्या ठेवून न्यायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हेही तसंच, त्या मिठानंच कुत्री दगावतात. आणि फिनेल किंवा रॉकेल प्यालं असेल तर उलटी काढायचीच नाही, वर येताना ते घसा जाळतं नाहीतर फुफ्फुसात जातं.

आम्ही फोंडा तालुक्यातले, घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. विसर्जनानंतर गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरवून आपण कुठे टाकतो? परसात. त्यात ओल्या सुपारीचा घड असतो, आणि सुपारीतलं आरेकोलिन पूर्वी जंत पाडायला कुत्र्यांना देत असत इतकं ते जोरदार, जास्त गेलं की लाळ, उलट्या, जुलाब. पावसात सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवलेला ड्रम उघडा राहतो, गोगलगायींसाठी टाकलेल्या गोळ्या कुत्र्यांना खाऊ वाटतात आणि त्यातल्या मेटाल्डिहाईडनं झटके येतात. फोडाफोडांच्या पाठीचा बेडूक तोंडात धरला की फेस येतो, तेव्हा ओल्या फडक्यानं हिरड्या पुसून काढायच्या, घशात पाणी ओतायचं नाही. हल्ली बंगल्यांच्या दारात शोभेला सायकस लावतात, त्याची बी तर लिव्हरच संपवते.

आणि कृपा करून ताप आला, लंगडतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. हे करणारी माणसं कुत्र्यावर जीव टाकणारीच असतात म्हणून जास्त वाईट वाटतं. नाताळात शेजारून येणाऱ्या बशीतला केकही तसाच, त्यात रममध्ये मुरवलेले मनुके असतात. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट हे निदान आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल माहीत नसतं, त्यानं अर्ध्या तासात साखर खाली येऊन कुत्रं कोसळू शकतं.

आपल्या गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं वाड्यावाड्यावर जाऊन कुत्र्यांना लस टोचतात आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. जी माणसं दारापर्यंत येतातच त्यांच्या हातात मराठी-कोंकणीतला एक कागद दिला तर? पशुसंवर्धन खात्यानं एवढं जरूर करावं. आणि तुम्ही नेवऱ्यांच्या कृतीखाली चार ओळी छापा: कुत्र्यानं बेदाणे खाल्ले तर वाट बघू नका, किती खाल्ले, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती एवढं घेऊन निघा.

वजन म्हणते ते अशासाठी की औषधाचा डोस त्यावर ठरतो आणि बंडूचं मला सांगता आलं नव्हतं. आता नवीन पिल्लू आलंय, साडेचार किलो, दर पंधरा दिवसांनी वजन करून फ्रिजवरच्या कागदावर लिहिते. यंदाच्या सारणात बेदाणे घालणार नाहीय, सासूबाईंनीच सांगितलंय.

आपली,
एक नियमित वाचक, फोंडा