काउंटरमागे एक स्टूल तरी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांची मान, कंबर, मनगटं याबद्दल पेपरात बरेचदा छापून येतं, खुर्ची कशी असावी, स्क्रीन किती उंच ठेवावा, मधे मधे उठून चाला वगैरे. चांगलंच आहे, त्यांचा त्रास खोटा नाही. पण ह्याच मुंबईत ज्यांना दिवसभर बसायलाच मिळत नाही त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. दादर, हिंदमाता, बोरिवली, ठाण्यातले मॉल, कुठल्याही कपड्याच्या नाहीतर दागिन्यांच्या दुकानात जा, काउंटरमागे मुली उभ्या दिसतील, सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत उभ्याच. मी स्वतः दादरला साड्यांच्या काउंटरवर बरीच वर्षं काम केलंय आणि अजून करते.

गिऱ्हाईक असताना उभं राहायला आमची कोणाचीच ना नाही. पण दुपारी २ ते ४ दुकानात चिटपाखरू नसतं तेव्हाही बसायचं नाही, भिंतीला टेकायचं पण नाही, कॅमेऱ्यात दिसलं की वरून लगेच फोन येतो. कारण काय तर कस्टमर आत आला आणि स्टाफ बसलेला दिसला की बरं दिसत नाही. मला हे कधीच पटलं नाही. आपल्याकडे साड्यांच्या जुन्या दुकानांत गाद्या असायच्या, गिऱ्हाईक पण बसायचं आणि दाखवणारा पण मांडी घालून बसायचा, पैठण्या आणि शालू तसेच विकले गेले ना? त्यात कोणाचा अपमान झाला? काचेचे काउंटर आले आणि आमच्या पायाखालची गादी गेली ती गेलीच.

आता यात शरीराचं काय होतं ते सांगते. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आपण चाललो की ते आवळतात आणि रक्त वर चढतं, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी तासन् तास उभं राहिलं की हा पंपच थंड पडतो, रक्त खाली साठतं, पाय सुजतात, झडपांवर ताण येतो आणि हळूहळू शिरा निळ्या-हिरव्या होऊन फुगतात, त्यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. टाचा आणि कंबर दुखते ती वेगळीच. गरोदर बाईला तर हे सगळं जास्तच. त्यात लगीनसराईत माळ्यावरून साड्यांचे गठ्ठे काढायचे, वाकून घड्या घालायच्या, आणि सुटल्यावर कल्याण नाहीतर विरार लोकलमध्ये परत उभंच. आमच्यातल्या कितीतरी जणी तिशीतच पोटऱ्यांना पट्ट्या बांधून येतात आणि वरून साडी असते म्हणून कोणाला दिसत नाही.

ही मागणी काही नवीन नाही. इंग्लंडात १८९९ साली कायदा झाला की दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे एक तरी बसायची जागा ठेवायची. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४४ होतं, उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला मधे संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी, पण ते कारखान्यांसाठी. दुकानांसाठी लढल्या त्या केरळच्या बायका. कोझिकोडमध्ये पेनकूट्टू म्हणून बायकांची संघटना आहे, विजी त्यांच्या पुढारी, दुकानांत काम करणाऱ्या बायकांसाठी त्यांनी आधी संडासाचा प्रश्न घेतला (त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल) आणि मग बसायच्या हक्काचा, आणि २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकान कायदा बदलावा लागला. २०२१ मध्ये तमिळनाडूने पण तसंच केलं. केंद्राच्या २०२० च्या कामगार संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसायच्या सोयीचा उल्लेख आहे, पण आमच्या काउंटरमागे अजून स्टूल आलेलं नाही. आणि आपल्या राज्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर काय केलं तर दुकानांत रोजचे तास ९ वरून १०! तास वाढवताना पायांचा विचार कोणी केला का?

माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्राच्या दुकान कायद्यात हे स्पष्ट लिहा आणि लिहून झालं की तपासा. दिवसभर बसवून ठेवा असं नाही म्हणत, त्याने पण कंबर धरते. थोडं उभं, थोडं बसणं, थोडं चालणं असं आलटून पालटून हवं. काउंटरमागे एक उंच स्टूल, पाय टेकायला खाली पट्टी, लादीवर रबराची मॅट, बिलिंगवाल्या मुलीला खुर्ची, एवढ्यावर शेठचं दिवाळं निघणार नाही. जर्मनीत सुपरमार्केटमधले कॅशियर बसूनच बिलं करतात, रांग काही थांबत नाही.

आणि तपासणार कोण म्हणाल तर माणसं आहेत. मराठी पाट्यांसाठी महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याचे इन्स्पेक्टर २०२३ मध्ये दुकानोदुकानी फिरले ते सगळ्यांनी पाहिलं, पाट्या झाल्या त्याचा मला आनंदच आहे. तेच इन्स्पेक्टर पाटी बघून झाल्यावर दोन पावलं आत येऊन काउंटरमागे स्टूल आहे का, आणि त्यावर बसू देतात का, हे मुलींना बाजूला घेऊन विचारू शकतात. मालकासमोर विचारू नका, त्याच्यासमोर सगळ्या हो म्हणतील.

आपली,
एक सेल्सवुमन, डोंबिवली