बोटांआधी वाद्य तपासा

संपादक महोदय,

गिटार शिकू लागलेली मुलं चार-सहा महिन्यांत ती कोपऱ्यात ठेवून देतात आणि आपण 'चिकाटीच नाही' म्हणून मोकळे होतो. माझ्या लेकीला मीही हेच ऐकवत होतो. एफची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून वाजवायचा स्वरमेळ) धरताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शिक्षक म्हणायचे, बोटं तयार होऊ द्या. शेवटी एकदा मी बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा धातूचा आडवा उंचवटा) स्टीलची मोजपट्टी उभी धरली. जाड तार 3.5 मिलिमीटर वर! अकूस्टिक गिटारला अडीचच्या आसपास पुरते.

मग स्वतःच दुरुस्तीला बसलो आणि नवशिक्याची ठरलेली चूक केली: तारा खाली आणायला ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आतली धातूची सळई, पिळला. अर्धा फेरा, पुन्हा अर्धा. तारा जराशा उतरल्या, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटवर झणझण सुरू झाली. ट्रस रॉड नेकचा बाक सांभाळायला असतो, तारांची उंची ठरवायला नव्हे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, नेक बॉडीला मिळते तिथे तार दाबायची; मधे, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरभर फट हवी. माझ्याकडे ती उरलीच नव्हती. रॉड उलटा सोडत आलो, एका वेळी पाव फेरा, दर वेळी तारा पुन्हा सुरात लावून.

उंचीचं काम सॅडलचं, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीचं. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल खालून दोन मिलिमीटर घासावं लागतं, कारण तो फ्रेट तारेच्या मध्यावर येतो. पेन्सिलीनं रेघ मारून, टेबलावर पॉलिश पेपर चिकटवून घासलं; तरी एक बाजू कललीच. दुसरं सॅडल आणलं. नेक वाकडी केली असती तर एवढ्यावर भागलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की गिटारच्या वर्गात पहिल्या दिवशी शिक्षकांनी प्रत्येक वाद्यावर पट्टी धरावी. शिवाय तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघावी, केसाएवढी पुरे. जास्त असेल तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत, आणि मग सॅडल कितीही घासा, एफ छळणारच. दोन मिनिटांचं काम आहे.

लेक काही गिटारकडे परतली नाही, तिला आता बॅडमिंटन आवडतं. एफ मला लागते. बी अजून नाही.

— एक पालक